‘स्टॅन’ला ‘विभूतिपूजक’ म्हणता येईल का?

नेरूळच्या स्टेडियममधील गाण्याच्या कार्यक्रमाहून परतलेली आपली भाची ‘मी नुसती फॅन नाही, स्टॅन आहे’ असे म्हणाली. हा शब्द ‘स्टॉकर’ (पिच्छा पुरवणारा) आणि ‘फॅन’ यांच्या संयोगातून बनला आहे का, आणि मराठीत त्याला ‘विभूतिपूजक’ म्हणावे का, असे आपण विचारले आहे.

संयोगाची व्युत्पत्ती ‘वेडाच्या आहारी गेलेला चाहता’ या अर्थाला चपखल बसते, म्हणूनच ती पसरली. परंतु शब्दाचे मूळ एका विशेषनामात आहे. अमेरिकन रॅपर एमिनेमचे ‘स्टॅन’ हे गाणे २००० साली आले. त्यातील स्टॅन नावाचा तरुण आपल्या आवडत्या गायकाला पत्रामागून पत्रे लिहितो, उत्तर येत नाही म्हणून आधी रुसतो, मग चवताळतो आणि अखेरीस गरोदर प्रेयसीला डिकीत कोंडून मोटार पुलावरून पाण्यात घालतो; गायक उत्तर लिहायला बसतो तो हे सारे घडून गेल्यावर. पुढच्याच वर्षी नॅस या रॅपरने ‘ईथर’ या गाण्यात जे-झी या दुसऱ्या रॅपरला हिणवण्यासाठी हेच नाव सामान्यनामासारखे वापरले. थोडक्यात, आरंभी ही शिवीच होती. आता मुले ती कौतुकाने मिरवतात, ‘मी तिला स्टॅन करते’ असे क्रियापदही चालवतात, आणि २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशानेही हा शब्द स्वीकारला. (आपल्याकडे अनेक घरांत तो पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याचे नाव म्हणूनच आधी पोहोचला, ही गोष्ट वेगळी.)

‘फॅन’ तरी कुठे सौम्य आहे? तो ‘फॅनॅटिक’चा संक्षेप मानला जातो आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी रूढ झाला. त्यामागचा लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देवस्थान, आणि ‘फानातिकुस’ म्हणजे देवाचा संचार झालेला. आपल्या भाषेत, अंगात आलेला.

‘विभूतिपूजा’ मात्र मला येथे पटत नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगतात, त्या जे जे श्रेष्ठ त्यात दिसणाऱ्या ईश्वरी तेजाच्या खुणा आहेत. त्यामुळे विभूती म्हटले की पूज्य व्यक्तीची थोरवी आधीच गृहीत धरली जाते. राजकारणातील भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला, तेव्हा त्यांच्यासमोर थोर नेत्यांचाच प्रश्न होता. स्टॅनला अशा थोरवीची गरज नसते. गायक कालपरवाचा असला तरी चालतो. ‘व्यक्तिपूजा’ हा शब्द अधिक जवळचा आहे, पण तो वृत्तीचे नाव आहे, माणसाचे नव्हे.

माणसासाठी हवा तो शब्द ठाण्याच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्सवर लटकलेला असतो: ‘कट्टर’. भाचीला ‘कट्टर चाहती’ म्हणा. अभिमान आणि अतिरेक दोन्ही त्यात येतात. ‘स्टॅन करणे’ हे क्रियापद मात्र आहे तसेच ठेवावे.