काळ्या मातीत लाकडी पर्गोला : खांब गाडू नका

इंदूरला मागच्या अंगणात बारा बाय दहा फुटांचा सागवानी पर्गोला, म्हणजे खांबांवर पट्ट्यांचं उघडं छत असलेला मांडव, करायचाय आणि मिस्त्री म्हणतो, खांबांना डांबर फासून दोन फूट गाडू, भोवती सिमेंट भरू, मग वीस वर्षं बघायला नको. बघावं लागेल. लाकूड कुजतं ते जमिनीलगतच, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. सिमेंट आणि खांब यांच्यात फट पडतेच, तिथे पावसाळाभर पाणी साचतं, डांबर ते लाकडातून बाहेर पडू देत नाही. वाळवीचंही आयतंच फावतं.

जुन्या वाड्यातला खांब मातीत गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. तुम्हीही तेच करा. तळखड्याऐवजी जमिनीपासून सहा इंच वर आलेला काँक्रीटचा चौथरा आणि त्यात रोवलेला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बूट, म्हणजे खांबाचं बूड धरणारी खोबण. खांबाच्या बुडाखाली बोटभर फट ठेवा. मात्र वाड्याच्या खांबावर मजल्यांचं ओझं असतं, पर्गोल्यावर ते नाही. मे-जूनच्या वादळात तो उचलला जाऊ नये म्हणून प्रत्येक बुटात बारा एमएमचे दोन आरपार बोल्ट हवेतच.

खरी गोम मातीत आहे. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो, तोही चारही कोपऱ्यांत सारखा नाही. मग तुळईचे सांधे उघडतात आणि दोष सुताराच्या माथी. मुरूम लागेपर्यंत खणा, निदान तीन-साडेतीन फूट. काँक्रीटच्या भोवती भर मुरुमाचीच घाला, काढलेली काळी माती परत टाकू नका.

वरच्या पट्ट्या 'कशाही टाका' हे मिस्त्रीचं म्हणणंही चालणार नाही. इंदूरला जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कडेवर उभ्या बसवलेल्या पट्ट्यांमधून ऊन सरळ खाली येणारच. त्रास होतो तो नंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा. म्हणून पट्ट्या दक्षिणोत्तर, तीन इंच खोल, उभ्या, मध्ये दोन इंच अंतर. मे महिन्यात तीन वाजल्यापासून खाली जवळजवळ पूर्ण सावली मिळेल. पूर्व-पश्चिम टाकल्या तर उलटंच : थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला, हवं तेव्हाचं ऊन अडेल.

खांब पाच बाय पाच इंच, तुळई दोन बाय आठ इंच. खांब-तुळईच्या कोनात तिरपा आधार द्याच, नक्षी हवी तर त्यावर करा, वाड्यातल्या हस्तांवर, म्हणजे खांबाच्या माथ्याशी असलेल्या लाकडी आधारांवर, असते तशी. नुसत्या खिळ्यांवर चौकट डुलते.

टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, लाकूड घेताना कडेचा फिकट पट्टा बघा. साग टिकतो तो आतल्या गाभ्यामुळे, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी खाते. पूर्ण वाळलेलंच घ्या. वॉर्निश उन्हात तडकून सुटतं, त्यापेक्षा लाकडात मुरणारं तेल दरवर्षी पावसाआधी द्या. खांबाचं बूड आणि तुळईची टोकं तेल पिईनाशी होईपर्यंत भिजवा, पाणी तिथूनच शिरतं.

मधुमालती चढवायची तर एका कोपऱ्यातून चढवा आणि दर उन्हाळ्यात छाटा. पावसात भिजलेला वेल बराच जड होतो, वाराही धरतो. शिवाय पट्ट्या झाकल्या गेल्या की तेल देणार कुठून?