जिभेखालचा लाल चट्टा दुखत नाही, तरी बायोप्सी करायची का?

जिभेखाली तीन आठवड्यांपासून मखमलीसारखा लाल चट्टा आहे, दुखत नाही, दंतवैद्य बायोप्सी (चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणी) करा म्हणतात, थोडं थांबलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. न दुखण्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. हे चट्टे बहुतेकदा दुखतच नाहीत, फार तर तिखटाने चुरचुरतात.

दुसऱ्या कुठल्याच आजारात न बसणाऱ्या अशा लाल चट्ट्याला एरिथ्रोप्लाकिया म्हणतात. त्या जागी अस्तर पातळ होतं, पेशी नीट पक्व होत नाहीत आणि खालच्या केशवाहिन्यांचा रंग वर दिसतो. शेफर आणि वॉल्ड्रन या मुखरोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये अशा ६५ चट्ट्यांचे नमुने तपासले. ५१ टक्क्यांत कर्करोग खोलवर शिरलेला होता, ४० टक्क्यांत तो वरच्या थरापुरता होता किंवा पेशींत तीव्र बदल होते. उरलेल्या ९ टक्क्यांतही सौम्य ते मध्यम बदल होतेच. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्ट्याची जास्त धास्ती घ्यायची ती यामुळे.

लाल दिसणारं सगळंच असं नसतं, हेही खरं. कवळीखालची लाली कवळीच्या आकाराची असते, भौगोलिक जिभेचे (जिभेवर नकाशासारखे दिसणारे निरुपद्रवी) चट्टे जागा बदलतात, लायकेन प्लेनस हा तोंडाच्या अस्तराचा दाह बहुधा दोन्ही बाजूंना असतो. दाताची धार लागत असेल तर ती घासून, बुरशी वाटली तर औषध देऊन दोन आठवडे वाट पाहतात. तुमची ती मुदत उलटली आहे. जिभेखालची जागाही जोखमीचीच.

बायोप्सी भूल देऊन होते. भुलीची सुई चट्ट्यात न टोचता बाजूला द्यायची, नाहीतर नमुना बिघडतो. तुकडा लाल भागातून, कडेसकट घ्यायचा. लाल-पांढरा मिश्र चट्टा असेल आणि नुसता पांढरा भाग काढला, तर अहवाल फसवा येऊ शकतो. मोठ्या चट्ट्यातून दोन-तीन ठिकाणचे तुकडे लागतात. चिमट्यात चिरडलेला तुकडा वाचता येत नाही. काढलेला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा. टोल्युडीन ब्लू हे चट्ट्यावर लावायचं रंगद्रव्य, त्याचा निळा रंग तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला मदत करतो, पण रंग चढला नाही म्हणून बायोप्सी टाळू नये.

तोपर्यंत स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचं मलम लावू नका, लाली तात्पुरती फिकी होते आणि वेळ जातो. लेझरने आधीच जाळून टाकू म्हणणाऱ्यालाही नकार द्या. तपासायला काही उरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आपण होऊन बंद करू नका. तंबाखू आणि दारू मात्र आजच सोडा.

अहवालात तीव्र बदल आले तर चट्टा पूर्ण काढतात आणि काढलेला भाग पुन्हा तपासायला जातो. अहवाल निर्धोक आला पण चट्टा तसाच राहिला, तर दुसरी बायोप्सी मागून घ्या.