रणमाले ही गोव्याची लोककला ना? मग बेळगाव जिल्ह्यात ती कुठे आणि कधी बघायला मिळेल?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यावरच मी अडलो, म्हणून आधी तेवढं बोलतो.

रणमाले, म्हणजे शिमग्यात रामायणासारख्या गोष्टी रात्रभर गाऊन करायचं लोकनाट्य, गोव्यात केलं जातं, त्याबद्दल वाद नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात झर्मे, करंझोळ इथे ते चोरोत्सव या शिमग्यातल्या विधीला जोडून करतात. पण चोर्ला घाट चढून वर आलात की आमचा खानापूर तालुक्याचा कणकुंबी-पारवाडचा पट्टा लागतो, आणि इथल्या मांडावरही, म्हणजे गावात खेळ होतो त्या जागेवरही, सुरुवातीचं तेच नमन, त्याच जती (रणमाल्यातली गाणी), तेच रामायण. खाली पोर्तुगीज होते तेव्हा वर इंग्रज होते. १९५६ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, १९६१ला गोवा मुक्त झाला. एवढं सगळं होऊनही आमच्या आज्या सत्तरीतून लग्न करून वर आल्या आणि आत्या खाली दिल्या गेल्या. सोयरिकी एक, तिथे शिमगाही एक. गोव्याने २०१९ला घुमटाला, म्हणजे कातडं ताणलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्याला, वारसा वाद्याचा दर्जा दिला, फार चांगलं केलं. आम्ही मात्र बेंगळुरूच्या हिशेबात मराठी आणि मुंबईच्या हिशेबात सीमाप्रश्न. आमच्या मांडावर रात्रभर काय चालतं, ते दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

आणि विचारतात तेव्हा काय होतं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका संस्थेने लोककलांचा कार्यक्रम ठेवला होता. माझ्या मेहुण्याची तिथे ओळख. त्यानेच आमच्या गावच्या मंडळींना आमंत्रण मिळवून दिलं. मंडळी खूष. काकांनी घुमट आठवडाभर आधी काढून उन्हाला ठेवलं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं. ते दमट हवेत लगेच सैल पडतं. काका बोटाने टिचकी मारून आवाज बघायचे, परत उन्हात ठेवायचे, आणि डाव्या हाताच्या तळव्याने मागचं तोंड झाकून-उघडून घुमारा बरोबर येतो का ते बघायचे. मडकं हातात घेऊन तास तास बसलेले असायचे.

सभागृहात पोचल्यावर कळलं, वेळ पंधरा मिनिटं. जी गोष्ट गावात रात्र खाते, ती पंधरा मिनिटांत! "नमन सोडा, थेट युद्धावर या की," असं सांगितलं. बरं, तेही मान्य केलं. मंडळी रंगमंचावर ओळीने उभी राहिली, झांज-कांसाळं वाजू लागलं. तेवढ्यात सूत्रसंचालक बाई आल्या आणि म्हणाल्या, "हे मागे नुसते उभे आहेत त्यांना जरा बाजूला बसवा, पाहुण्यांच्या नावाचा बॅनर झाकतोय."

ज्यांनी रणमाले बघितलंय त्यांना यातला घोटाळा लगेच कळेल. ती उभी माणसं हाच पडदा असतो. रणमाल्याला दुसरा पडदा नाही, विंग नाही. गाणारी मंडळी खांद्याला खांदा लावून ओळीत उभी राहतात, जत म्हणतात, आणि सोंग, म्हणजे वेष घेतलेलं पात्र, त्यांच्या मागून, स्वतःची जत गात पुढे येतं. रावण येतो तेव्हा आधी त्याचा आवाज येतो. ओळीच्या मागे मुकुटाचं टोक तेवढं हलताना दिसतं. मांडावर बसलेली पोरं त्या टोकाकडे डोळे लावून असतात. मग दोघं जण खांदे सोडतात आणि रावण समोर. ओळ पुन्हा मिटते.

काका बाईंना एवढंच म्हणाले, "पडदाच काढलात, आता सोंग येणार कुठून?" त्यांना ते समजलं नाही. रावण बाजूच्या दारातून, खुर्च्या ओलांडत आला. टाळ्या पडल्या. मानधनाचं पाकीट आणि शाल मिळाली. परतीच्या वाटेवर जांबोटी येईपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही.

मेहुणा अजून म्हणतो, "काळाप्रमाणे बदला, नाहीतर कला मरेल, शहरातल्या लोकांना एवढा वेळ कुठे आहे?" मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणतो: कला वेळ कमी पडून मरत नाही. आमच्याकडची पोरं गोव्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला आहेत. शिमग्याला रजा मिळाली नाही की ओळीत माणसं कमी पडतात आणि जती पाठ असणारे म्हातारे एकटे पडतात. अडचण ती आहे. कुणाला मदत करायची असेल तर त्या पोरांना शिमग्याच्या आठवड्यात रजा द्या, म्हाताऱ्यांकडून जती पूर्ण लिहून घ्या. पंधरा मिनिटांचं रणमाले बघून शहराला रणमाले कळत नाही आणि गावातल्या पोरांना उलट वाटायला लागतं की एवढंच असतं.

आता तुमचा प्रश्न. फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे बहुधा मार्चमध्ये. रात्र कुठली ते प्रत्येक गावाचं वेगळं, आणि ते गावकरी व मानकरी ठरवतात, म्हणून आधी गावात कुणाला तरी विचारून या. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या रस्त्याला कणकुंबी लागते. दिवसा पोचलात तर माऊलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम बघून घ्या. माऊलीची मोठी यात्रा बारा वर्षांनी भरते, ती वेगळी. तिचा शिमग्याशी संबंध नाही.

सगळ्याच गावांत दरवर्षी होतं असं समजू नका. रजेचं वर सांगितलंच, शिवाय गावात सुतक असलं तरी पुढे ढकलतात. आणि स्टेजला माझा सरसकट विरोध नाही. पूर्ण वेळ आणि मागे मोकळी जागा देणार असाल तर आमची मंडळी कुठेही येतील.

मार्चमध्येही पहाटे इथे थंडी असते, चादर आणा. जेवून या, जमिनीवर बसायची तयारी ठेवा, चपला मांडाबाहेर काढा. मोबाईलचा दिवा सोंगाच्या तोंडावर मारू नका. आणि ओळीच्या मागे जाऊन फोटो काढू नका. तिथे फक्त सोंगांनी उभं राहायचं असतं.