रिपीटर स्पष्ट ऐकू येतो, माझी हाक मात्र जात नाही. सेटमध्ये काय बघू?

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओची परीक्षा पास होऊन व्हीयू३ नं सुरू होणारं कॉलसाइन मिळालं, बाओफेंग यूव्ही-५आर हा हातातला सेट घेतला, खानापूरजवळच्या घरातनं रिपीटरवरची (आपला सिग्नल पकडून मोठ्या ताकदीनं पुन्हा पाठवणारं यंत्र) बोलणी स्वच्छ येतात, पण तुम्ही हाक दिली की कुणी उत्तर देत नाही. वर म्हणताय, "फ्रिक्वेन्सी बरोबरच टाकलीय, नाहीतर ऐकू कसं आलं असतं?" गोम इथंच आहे. ऐकू येतंय म्हणजे तुमचा रिसिव्ह बरोबर आहे, एवढंच. रिपीटर बोलतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐकतो दुसरीवर. तुम्ही बहुतेक त्याच्या तोंडाशी जाऊन बोलताय, त्याचा कान दुसरीकडं आहे.

म्हणून सेटिंग बदलायच्या आधी एक करा. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबा, आपलं कॉलसाइन आणि "टेस्टिंग" एवढं म्हणा आणि सोडा. रिपीटर उघडला असेल तर तुम्ही सोडल्यावरही त्याचा कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायचा सिग्नल, क्षणभर टिकतो: हिरवा दिवा लागतो, हलकी खरखर किंवा बीप येते, मग बंद. याला टेल म्हणतात. टेल आली तर तुम्ही पोचताय, अडचण माइकची, आवाजाची किंवा समोर कुणी नसण्याची आहे. टेल आलीच नाही तर रिपीटरनं तुम्हाला दाद दिलेली नाही, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कॉलसाइन न सांगता नुसती पीटीटी टकटक दाबून मात्र बघू नका, ऐकणाऱ्यांना वैताग येतो.

आता ऑफसेट, म्हणजे रिपीटरच्या बोलायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक. दोन मीटरच्या बँडला, म्हणजे आपल्याकडं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, रिपीटरचा नेहमीचा फरक उणे ६०० किलोहर्ट्झ. उदाहरणादाखल रिपीटर १४५.७०० वर ऐकू येत असेल तर तुमचा सेट १४५.१०० वर पाठवायला हवा. यूव्ही-५आरमध्ये केशरी बटणानं व्हीएफओत (फ्रिक्वेन्सी हातानं टाकायच्या मोडमध्ये) या, वरच्या ओळीत फ्रिक्वेन्सी टाका, मेनू २६ ला ००.६०० आणि मेनू २५ ला वजा. दोन्ही लागतात. नुसता आकडा टाकून दिशा 'ऑफ' राहिलेले सेट मी लई बघितलेत. खात्री करायची तर पीटीटी दाबून स्क्रीनकडं बघा, आकडा १४५.१०० व्हायला पाहिजे. तो हललाच नाही तर पुढं टोनमध्ये डोकं घालायची गरज नाही, आधी हेच दुरुस्त करा. सत्तर सेंटीमीटर या दुसऱ्या बँडच्या रिपीटरला हा हिशेब लावू नका. परदेशी व्हिडिओत तिथं ५ मेगाहर्ट्झ सांगतात, आपला बँड ४३४ ते ४३८, म्हणजे सगळा मिळून चारच मेगाहर्ट्झ. तिथला ऑफसेट रिपीटर चालवणाऱ्यांनाच विचारायचा.

दुसरा अडसर टोनचा. बरेच रिपीटर तुमच्या आवाजाखाली एक बारीक सूर असल्याशिवाय उघडतच नाहीत. सीटीसीएसएस म्हणतात तो हाच, ६७ हर्ट्झपासून २५४.१ हर्ट्झपर्यंतचा. तो मेनू १३ ला, टी-सीटीसीएसमध्ये टाकायचा. ८८.५ च्या जागी ९१.५ चालत नाही, शेजारचा असला तरी दार बंदच. टोन लागला की स्क्रीनवर सीटी अक्षरं दिसतात. मेनू ११ चा आर-सीटीसीएस मात्र सध्या बंद ठेवा. तो तुमच्या कानावरचा टोन आहे. रिपीटर परत टोन पाठवत नसेल तर हिरवा दिवा लागेल पण स्पीकरमधनं काहीच येणार नाही, आणि आत्ता जे ऐकू येतंय तेही जाईल. कुणी "टोन डी०२३एन" असं सांगितलं तर ते डीसीएस, म्हणजे सुराऐवजी आकडी कोड, मेनू १२. शेवटचं अक्षर एन की आय हेही बघा, उलटं पडलं तर चालत नाही.

एवढं करून व्हीएफओत टेल आली, आणि चॅनेल सेव्ह केल्यावर पुन्हा गायब झाली, तर घाबरू नका. या सेटची ती खोड आहे. मेनू २७ नं सेव्ह केलं की फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी साठते. मग स्टार-स्कॅनचं बटण एकदा दाबायचं, स्क्रीनवर पाठवायची फ्रिक्वेन्सी येते, आणि त्याच चॅनेल नंबरवर पुन्हा मेनू २७ करायचं. चॅनेलमध्ये जुनं काही भरलेलं असेल तर पहिल्यांदा सेव्ह करायच्या आधी मेनू २८ नं रिकामा करून घ्या, तो आपोआप पुसला जात नाही. हे आकडे यूव्ही-५आरचे. दुसऱ्या मॉडेलला मेनू वेगळा असतो.

मेनू ७ चा टीडीआर, म्हणजे दोन ओळी एकदम ऐकणं, तपासताना बंद करा. तो चालू असताना खालच्या ओळीत काही आलं आणि तुम्ही लगेच पीटीटी दाबलं तर आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीवर जातो. आणि मेनू ५, म्हणजे सिग्नलची रुंदी, 'वाइड' आहे ना ते बघा. रिपीटर वाइड आणि तुम्ही नॅरो असाल तर पोचताय, पण आवाज इतका बारीक की लोक "कुणीतरी आहे" म्हणून गप्प बसतात.

कॉम्प्युटरवरनं चर्प (सेटमध्ये चॅनेल भरायचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर वरचं सगळं एका ओळीत बसतं: ड्युप्लेक्स वजा, ऑफसेट ०.६०००००, टोन मोड 'टोन'. 'टीएसक्यूएल' निवडला की ऐकण्यावरही टोन बसतो, ती मघाची भानगड. आधी सेटमधलं सगळं वाचून घेऊन ती फाइल जपून ठेवा, मगच लिहा. मित्राची फाइल तशीच आपल्या सेटमध्ये ओतायच्या भानगडीत पडू नका, फर्मवेअर वेगळं असतं. "रेडिओ उत्तर देत नाही" असं येत असेल तर दहातले नऊ वेळा केबल. दोन पिनांचा प्लग शेवटपर्यंत बसत नाही, जोर लावावा लागतो, कधी प्लास्टिकची कड थोडी तासावी लागते. स्वस्त केबलमधल्या नकली प्रोलिफिक चिपला विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो, तिथं जुना ड्रायव्हर किंवा दुसरी केबल.

आता सगळं बरोबर असूनही टेल येत नसेल तर मात्र जागेचा विचार करा. रिपीटर डोंगरावरनं मोठ्या ताकदीनं, चांगल्या अँटेनावर बोलतो, तुम्ही चार-पाच वॅट आणि रबरी शेंडीवर. त्याचं तुम्हाला येणं आणि तुमचं त्याला जाणं समान नाही. जांबोटी-कणकुंबीकडं झाडी आणि चढउतार इतके आहेत की ओल्या पावसाळ्यात हँडसेट अगदी दुबळा होतो, सत्तर सेंटीमीटरला जास्तच. एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा तशा उघड्या उंचीवर जाऊन तोच सेट, तीच सेटिंग वापरून बघा. तिथनं पोचलं तर सेट निर्दोष, पैसे अँटेनावर घालवा. तोवर फुकटातला उपाय म्हणजे अँटेनाच्या बुडाशी, धातूला टेकेल अशी सुमारे ४९ सेंटीमीटरची वायर लोंबकळत सोडायची, दोन मीटरला फरक कळतो. नवी अँटेना घेताना कनेक्टर बघून घ्या: यूव्ही-५आरला एसएमए फीमेल लागते, याएसू कंपनीच्या सेटची त्यावर बसत नाही.

जवळ दुसरा सेट असेल तर तो रिपीटरच्या ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवर, वरच्या उदाहरणात १४५.१०० वर लावून घरातल्या कुणाकडं तरी द्या, म्हणजे तुम्ही खरंच तिथं पाठवताय का ते कळेल. पण दोघं एकाच खोलीत उभे राहून एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं रिपीटर ऐकायचा, असं करू नका. जवळच्या सेटच्या मारानं दुसरा बहिरा होतो आणि तुम्हाला वाटतं रिपीटर बंद आहे. गल्लीच्या टोकाला पाठवा.

याच चॅनेलांच्या शेजारी ऑफसेट नसलेला एक सिम्प्लेक्स चॅनेलही ठेवा. २०१९ आणि २०२१ ला निपाणीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं; अशा वेळी रिपीटरची वीज गेली तर जवळच्या दोघांना थेटच बोलावं लागतं.

हे वाचून गणपती मंडळासाठी असे सेट घ्यावेत असं कुणाला वाटत असेल तर थांबा. लायसन्सशिवाय यूव्ही-५आरवरनं बोलणं बेकायदेशीर आहे, आणि तो सेट इतक्या रुंद पट्ट्यात पाठवतो की दुकानदारानं अंदाजानं टाकलेली फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कुणाच्या कामाची असू शकते. मंडळाला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॅटचे विनापरवाना सेट मिळतात. मिरवणुकीत गल्लीपुरते ते पुरतात.

ऑफसेट आणि टोन टाकून झाल्यावर टेल आली का, आणि पीटीटी दाबल्यावर स्क्रीनवर काय आकडा दिसतो, एवढं खाली लिहा.