बर्निंग बुशची पानं शरदात लाल होत नाहीत, कोणतं खत घालू?

कोणतंच नको.

तुम्ही लिहिलंय की झुडूप पाच वर्षांचं आहे, तब्येत चांगली आहे, पण शरदात पानं फिकट गुलाबी होतात आणि आठवड्याभरात गळतात. शेजारचं तेच झुडूप मात्र पेटल्यासारखं लाल होतं. आणि जाता जाता हेही सांगितलंय की तुमचं झुडूप दुपारनंतर घराच्या सावलीत जातं. दुखणं तिथेच आहे.

पिवळा आणि लाल हे रंग पानात वेगवेगळ्या वाटांनी येतात. पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स पानात आधीपासूनच असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली. दिवस लहान होऊ लागले की झुडूप हरितद्रव्य मोडतं, पानातलं नत्र फांद्यांत परत ओढून घेतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नसतं. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बहुतेक झुडपांत याच शेवटच्या काही आठवड्यांत नव्याने बनतं, आणि त्यासाठी पानात साखर लागते. साखर उन्हात तयार होते. देठाच्या बुडाशी पेशींचा थर तयार होऊन पानाची वाट बंद होऊ लागते, तशी ती साखर पानातच अडकते. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री ७ अंश सेल्सिअसच्या खाली पण न गोठवणारी थंडी, असे दिवस मिळाले की लाल सगळ्यात गडद उतरतो. ढगाळ, उबदार, पावसाळी शरद असला की त्या वर्षी सगळ्यांचीच झुडपं मळकट दिसतात. त्याला इलाज नाही.

खात्री करायची असेल तर एक गंमत करून बघा. रंग चढायला लागण्याआधी उन्हातल्या एका पानावर काळ्या कागदाची पट्टी हलकेच अडकवून ठेवा. बाकीचं पान लाल झाल्यावर पट्टी काढली की खाली फिकट पट्टा सापडतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अगदी शाळकरी आनंद झाला होता. एरवीही नीट पाहिलंत तर एकावर एक आलेल्या पानांत वरच्याची सावली खालच्यावर छापल्यासारखी दिसते.

आता खताबद्दल. उन्हाळ्याच्या शेवटी घातलेलं नत्रयुक्त खत म्हणजे नुसतं वरातीमागून घोडं नव्हे, ते उलटं काम करतं. झुडूप कोवळी पालवी फोडत राहतं, साखर त्या वाढीत खर्च होते, पानं हिरवीच राहतात आणि पहिल्या कडक थंडीत काळी पडतात. उशिरा केलेल्या छाटणीचाही हाच परिणाम. खत घालायचंच असेल तर वसंतात, आणि बेताने. शरदात रंगणारं दुसरं एक झुडूप, स्मोक बुश, तर हलक्या, निकस मातीतच छान रंगतं. सुपीक जमिनीत ते नुसतं माजतं. हिरवळीला भरपूर खत देत असाल, तर शेजारच्या झुडपाच्या मुळांनाही ते पोचतं हे लक्षात असू द्या. ही चूक मी दोन वर्षं केली आणि दोष रोपवाटिकेला देत राहिलो.

पाणी मात्र तोडू नका. थोडी कोरड चालते, पण मुळं पार सुकली तर पानं लाल न होता कडेने करपून गळतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला चिकटू न देता. आणि भर उन्हाळ्यातच एखादी फांदी किंवा सगळं झुडूपच लाल होऊ लागलं तर हरखून जाऊ नका. बहुतेकदा ती मुळांच्या दुखण्याची, साचलेल्या पाण्याची किंवा खोडाला झालेल्या इजेची खूण असते.

मातीचा सामू (pH), म्हणजे ती किती आम्लधर्मी किंवा चुनखडीची आहे याचं माप, सगळ्या झुडपांना सारखा नडत नाही. बर्निंग बुश त्याबाबतीत सोशिक आहे. ब्लूबेरी आणि फोथरगिला यांना मात्र आम्लधर्मी माती लागते, ब्लूबेरीला साधारण ४.५ ते ५.५ सामूची. चुनखडीच्या जमिनीत त्यांची पानं लोह न मिळाल्याने उन्हाळ्यातच पिवळी पडतात, मग शरदात कसला रंग येणार! सिमेंटच्या भिंतीला अगदी लागून लावू नका, भिंतीतला चुना हळूहळू मातीत उतरतो.

पण समजा ती सावलीची जागा बदलता येत नाही. मग लालचा हट्ट सोडा आणि पिवळा लावा. पिवळ्याला नव्याने काही बनवावं लागत नाही, त्यामुळे तो कमी उन्हातही येतो, फसव्या हवेतही येतो. विच हेझेल, क्लेथ्रा, स्पाइसबुश ही सगळी अर्ध्या सावलीत लोण्यासारखी पिवळी होतात, आणि क्लेथ्राला ओलसर जमीनही चालते. लालसर हवंच असेल तर ओकच्या पानांसारखी पानं असलेलं हायड्रेंजिया पाहा. ते अर्धवट सावलीतही वाइनच्या रंगापर्यंत जातं आणि पानं उशिरापर्यंत धरून ठेवतं. गोल मोठ्या फुलांच्या नेहमीच्या हायड्रेंजियाकडून ही अपेक्षा करू नका.

नवं झुडूप आणायचं तर शरदातच आणा, डोळ्यांनी रंग बघून. बियांपासून केलेली रोपं एकाच जातीची असली तरी एक लाल, दुसरं मळकट अशी निघतात. म्हणून नावाचा वाण, छाटकलमापासून केलेला घ्या. इटिया या झुडपाचा ‘हेन्रीज गार्नेट’ किंवा फोथरगिलाचा ‘माउंट एअरी’ हे वाण मुळात रंगासाठीही नावाजलेले आहेत. एक सावधगिरी, कुंडीत मुळं कोंबलेलं रोप ताणामुळे जास्त लाल दिसतं. कुंडीतून काढून मुळं गोल गोल फिरली आहेत का ते पाहा.

सुमॅक या झुडपाचा मोह होईल, रंग बेफाम असतो. पण त्याचे फुटवे मुळांपासून कुठेही वर येतात. माझ्याकडे एक लावलं होतं, आता किती आहेत ते मोजणं मी सोडून दिलंय.

दुसरं बर्निंग बुश घेण्याआधी तुमच्या भागातला नियम बघा. पक्षी त्याच्या बिया रानात नेतात आणि ते तिथे पसरतं. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरसारख्या अमेरिकी राज्यांत त्याच्या विक्रीवर बंदी आहे. जपानी बार्बेरीचीही तीच गत. त्यांच्या जागी अरोनिया किंवा हायबुश ब्लूबेरी लावली तर लाल तितकाच मिळतो.

आहे तेच झुडूप हलवायचं असेल तर पानं पूर्ण गळल्यावर, जमीन गोठण्याआधी हलवा. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा जमेल तितका मोठा काढा आणि पूर्वी होतं तितक्याच खोलीवर लावा. पुढचं वर्षभर पाणी चुकवू नका. त्या पहिल्या शरदात रंग लवकर आणि विरळ येईल, ती मुळं तुटल्याची प्रतिक्रिया असते. त्यावरून जागा चुकली असं ठरवून ते पुन्हा उपटू नका.