लाइट्सवालीला उत्तर देण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. एवढं लांबलचक तू परीक्षेतही कधी लिहिलं नव्हतंस, म्हणजे प्रकरण चांगलंच मनाला लागलंय. विचारलंयस एवढंच, की पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या जुन्या कॉलेज टीमने तीच एकांकिका पुन्हा करायचं ठरवलंय, दर रविवारी तालीम आहे, तर जाऊ का? बाकी सगळी मेल लाइट्सवालीबद्दल आहे. (एकांकिकेचे दिवे ती सांभाळायची, म्हणून अख्खं कला मंडळ तिला तसंच म्हणायचं, मीही तेच म्हणते. आणि जिच्याबरोबर तू वाकडच्या फ्लॅटमध्ये राहतोस, जिच्याशी लग्नाचं बोलणं चाललंय, ती आपली सातारची. नावं नकोत, पत्र कुणाच्याही हाती पडतं.)

तिच्याबद्दल जे वाटतंय ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पुरुषोत्तम 1963 पासून चालू आहे, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या तालमींमधून जोड्या जमत आल्या आहेत. कारण वातावरणच तसं असतं. रात्री-बेरात्रीपर्यंत तालमी, कॅन्टीनची उधारी, सेटच्या रंगाने माखलेले हात, आणि मग भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठली की अंगावर काटा. तुझी एन्ट्री आली की ती डिमर एका दमात वर न नेता सावकाश चढवायची. दिग्दर्शकाने असं काही सांगितलेलं नव्हतं, मी समोर बसून बघत होते. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढच्या आयुष्यात जास्त येतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलंय. त्यातून तुझं तेव्हाचं हे असलं एकविसावं वर्ष. तिचा ‘आठवतंय का?’ असा मेसेज आल्यावर पोटात कालवलं नसतं तरच नवल. त्यात पाप काही नाही. पण तो काही देवाचा कौलही नव्हे.

नॅन्सी कॅलिश नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात जुन्या प्रेमाकडे परतलेल्या हजारावर माणसांचा अभ्यास केला. दोघंही मोकळी होती तेव्हा अशी नाती बरीच टिकली. विशेषतः मुळात जी परिस्थितीमुळे, घरच्यांच्या विरोधामुळे तुटली होती ती. आधीच कुणाबरोबर असलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. ‘नुसता हाय-हॅलो’ म्हणून सुरू झालेलं प्रकरण त्यांना झेपलं नाही, आणि बाई अशांना सरळ सांगायच्या की वाटेला जाऊ नका.

आता तुमचं का तुटलं ते बघ. मेलमध्ये लिहिलंयस, ‘परिस्थितीच तशी होती’. कुठली परिस्थिती? तिच्या घरी स्थळं यायला लागली होती. जात वेगळी होती हे खरं, पण तिने घरी सांगायची तयारी दाखवली होती, तुला फक्त तुझ्या वडिलांशी बोलायचं होतं. तू ‘बघू’ म्हणालास. परीक्षा होऊ दे, बघू. नोकरी लागू दे, बघू. शेवटी ती बेंगळुरूची नोकरी घेऊन निघून गेली आणि तू कला मंडळाच्या खोलीत येऊन म्हणालास, ‘मॅडम, ती गेली.’ तुमच्या घरच्यांनी नाही म्हटलंच नव्हतं रे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

हे उकरून काढतेय, कारण मेलच्या शेवटी तू एक वाक्य सहज लिहून गेलास. फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय, तो वाढवायचा का असं सातारची विचारतेय आणि तू तिला ‘बघू’ म्हणालास. ती घराबद्दल विचारत नाहीये, एवढं तुला कळतं. इकडे लाइट्सवालीशी रोज रात्री अकरानंतर बोलणं, चॅट आर्काइव्हमध्ये, आणि मला वर ‘तसं काही नाहीये, मॅडम’. तसं काही नसेल तर आर्काइव्ह कशाला? लाइट्सवाली आता मोकळी आहे, पुण्यात परत आली आहे. रोज रात्री तासभर बोलणारा माणूस कुठल्या नात्याने बोलतोय हे तिनेही गृहीत धरलंच असेल. दोघींना ताटकळत ठेवलंयस आणि त्यालाच तू ‘द्विधा मनःस्थिती’ म्हणतोस.

दोघींची तुलना करत बसू नकोस. लाइट्सवालीशी तुझं कधी लाइटबिलावरून वाजलेलं नाही, त्यामुळे तिथे तीच जिंकणार. प्रश्न असा विचार: लाइट्सवाली उद्या कायमची बेंगळुरूला परत गेली, तर सातारचीबरोबर राहायचंय का? उत्तर ‘नाही’ आलं तर तिला सोडायला लाइट्सवालीचं कारण लागत नाही. ‘हो’ आलं तर लाइट्सवालीला थांबवायला सातारचीने पकडेपर्यंत वाट बघावी लागत नाही. मला वाटतं ‘हो’ येईल. मागे तू आजारी पडला होतास तेव्हाचं जे लिहिलंयस, रुग्णालयात सातारची तुझ्या बाबांशी भांडून रात्री थांबली ते, तो मेलमधला एकच परिच्छेद मला तुझा वाटला. बाकी संवाद होते. पण हा माझा अंदाज, निर्णय तुझा.

काहीही ठरो, आधी लाइट्सवालीला फोन कर. मेसेज नको. ब्लॉक करून गायब तर मुळीच होऊ नकोस, तिच्या बाबतीत तू ते एकदा केलेलं आहेस. मी कुणाबरोबर आहे, लग्नाचं बोलणं चाललंय, रात्रीचं बोलणं बंद करतोय, एवढं सांग. मग सातारचीशी बोल. एकेक मेसेज वाचून दाखवायची गरज नाही, त्याने फक्त तुझं ओझं उतरून तिच्या डोक्यावर जाईल. काय झालं, कुठवर गेलं आणि आता तुला काय हवंय, हे सांग. ती चिडेल. कदाचित चार दिवस साताऱ्याला जाईल. तेवढा वेळ तिला दे, आणि मागोमाग माफीचे मेसेज पाठवू नकोस. घरमालकाला शुक्रवारी कळवायचंय ना, मग हे गुरुवारच्या आत उरक.

आणि तालमीचं म्हणशील तर या खेपेला नको जाऊस. टीमचं अडेल वगैरे मनात आणू नकोस. यंदाच्या बॅचमधला एक मुलगा बरा आहे, त्याला मी पाठवते. तुझी भूमिका तशीही दोन एन्ट्र्यांचीच होती.

तुझी,
मॅडम