पर्वत कसा आणि किती वेगाने वर आला, हे भूवैज्ञानिकांना कळतं कसं?

प्रश्न असा आहे : 'टेक्टॉनिक्स (भूकवचाच्या हालचाली) आणि पर्वतनिर्मितीवर संशोधन करणारे भूवैज्ञानिक नेमकं काय करतात? 5 कोटी वर्षांपूर्वी बघायला कोणी नव्हतं. मग हिमालय कधी आणि किती वेगाने वर आला हे सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजच नाही का?'

मी याच विषयात काम करते, म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकते. हिमालय कुठल्या काळी किती उंच होता, हे आम्ही सहसा मोजतच नाही. आम्ही मोजतो ते वेगळंच : आज हातात असलेला हा दगड एके काळी किती खोल होता, तिथे किती तापला, त्याच्यावर किती दाब होता आणि वर येताना तो कधी थंड झाला. उंचीबद्दलचं बोलणं यावरून काढलेलं असतं, आणि ते काढताना मध्ये एक मोठा खड्डा लागतो. त्याच्याकडे येतेच.

कामाची सुरुवात नकाशापासून होते. कुठला खडक कुठे आहे, थर कुठल्या दिशेला आणि किती अंशांनी कललेले आहेत, कुठे घड्या पडल्यात, कुठे एक खडक दुसऱ्यावर सरकलाय. दिसायला अगदी साधं काम, पण या विषयातले सगळ्यात मोठे धक्के इथेच बसलेत. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा भाग आहे. तिथल्या डोंगरकड्यांवर एक सरळ रेघ ओढल्यासारखी दिसते. रेघेच्या वर 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा खडक, खाली जेमतेम 4-5 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हातारा वर, तरुण खाली. भूवैज्ञानिक आर्नोल्ड एशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नीट पाहिलं होतं, पण इतका प्रचंड खडक आडवा सरकत आला असं छापलं तर लोक आपल्याला वेड्यात काढतील, अशी त्यांना धास्ती होती. पुढे त्या जागेसाठी दोन बाजूंनी आलेल्या दोन घड्यांचं अवघड स्पष्टीकरण बरीच वर्षं चाललं. शेवटी 1884 मध्ये मार्सेल बर्त्राँ यांनी एकच मोठा थ्रस्ट, म्हणजे एकाच दिशेने वर चढत सरकलेला खडकाचा पट्टा, असं सांगून टाकलं. तेही इतरांनी छापलेल्या नोंदी आणि छेद वाचून. चांगला नकाशा काढणाऱ्याचा निष्कर्ष चुकला तरी त्याचा नकाशा पुढच्याच्या कामी येतो, तो असा.

हिमालयातही थ्रस्टच मुख्य. मेन सेंट्रल थ्रस्ट, मेन बाउंडरी थ्रस्ट, मेन फ्रंटल थ्रस्ट अशी नावं तुम्ही वाचली असतील. भारतीय प्लेट आशियाखाली शिरताना तिच्या वरच्या भागाचे काप निघाले आणि एकावर एक चढले. उत्तरेकडचा थ्रस्ट आधीचा आणि दक्षिणेकडचा नंतरचा, असा ढोबळ क्रम आहे. मात्र याच्याही उत्तरेला, एव्हरेस्टच्या शिखराच्या थोडंच खाली, उलट्या जातीचा भ्रंश, म्हणजे खडक सरकल्याची भेग, आहे. तिथे वरचा भाग उत्तरेकडे खाली घसरलाय. जिथे दोन खंडं एकमेकांना दाबतायत तिथेच ताणल्यासारखी खूण सापडते, आणि हे का झालं यावर आजही भांडणं होतात. शिखरावरचा चुनखडक याच भ्रंशाच्या वरचा. तो 45 कोटी वर्षांहून जुना आहे, समुद्रात साचलेला, आणि त्यात समुद्री प्राण्यांच्या अवशेषांचे तुकडे आहेत.

नकाशानंतर सूक्ष्मदर्शक. दगडाचा पातळ काप घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीचा केला की त्यातून प्रकाश आरपार जातो आणि खनिजं ओळखता येतात. कायनाइट आणि सिलिमनाइट यांचं रासायनिक सूत्र एकच, पण कुठल्या तापमानाला आणि दाबाला कोण टिकतं ते वेगळं. गार्नेटचा एक दाणा केंद्रापासून कडेपर्यंत तपासला तर तो वाढत असताना भोवतीचं तापमान कसं बदललं ते कळतं. हिमालयात एक विचित्र गोष्ट दिसते. मेन सेंट्रल थ्रस्टच्या परिसरात डोंगर चढत जावं तसे खडक अधिकाधिक तापलेले सापडतात : आधी गार्नेट, मग कायनाइट, त्याच्याही वर सिलिमनाइट. पृथ्वीत खाली जावं तसं तापमान वाढतं, म्हणजे व्हायला हवं होतं नेमकं उलटं. खोलातला गरम खडक वरच्या थंड खडकावर चढला, चढताना खालच्यालाही तापवलं आणि दोघांनाही भ्रंशाच्या पट्ट्यात पिळून पातळ केलं, असं बहुतेकजण मानतात. यात उष्णतेचा वाटा किती आणि पिळवटण्याचा किती, यावर मात्र एकमत नाही. माझा कल पिळवटण्याकडे जास्त आहे, कारण त्या पट्ट्यातले दगड हातात घेतले की त्यांची ताणलेली, चिरडलेली अवस्था नुसत्या डोळ्यांनाही दिसते.

आणि मग कोएसाइट. हा क्वार्ट्झचाच भाऊ, पण तयार व्हायला साधारण 90-100 किलोमीटर खोलीचा दाब लागतो. 1984 मध्ये तो आल्प्सच्या आणि नॉर्वेच्या खडकांत सापडला, तेव्हा एकदम लक्षात आलं की जमिनीजवळचे, गाळापासून झालेले खडकसुद्धा इतके खोल जाऊन परत येऊ शकतात. पुढे लडाखमधल्या त्सो मोरारी भागातही सापडला. भारताची कड आशियाखाली 100 किलोमीटरच्या आसपास गेली होती याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

आता वेळ. तुमच्या 'अंदाज' या शब्दाला खरं उत्तर इथे आहे. ॲपेटाइट या खनिजाच्या दाण्यात थोडं युरेनियम असतं. त्याचा एखादा अणू आपोआप दुभंगतो, तुकडे दोन बाजूंना सुटतात आणि स्फटिकात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित लांब अशी ओरखड्यासारखी रेघ उमटते. दाणा घासून सौम्य नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवला की या रेघा रुंद होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. गंमत अशी की सुमारे 110 अंश सेल्सिअसच्या वर या रेघा बुजून जातात, त्याच्या बऱ्याच खाली उतरलं की टिकतात. म्हणजे रेघा किती आणि युरेनियम किती हे कळलं की हा दाणा शेवटचा 110 अंशांखाली कधी आला ते काढता येतं. जमिनीत दर किलोमीटरला 25-30 अंश वाढतात असं धरलं, तर तो तेव्हा साधारण 4 किलोमीटर खोल होता. झिरकॉन या दुसऱ्या खनिजातल्या रेघा यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला टिकतात, अभ्रकात साठणारा आरगॉन वायू त्याहूनही जास्त. एकाच दगडातली अशी तीन-चार घड्याळं जुळवली की त्याचा वर येण्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडता येतो. प्रत्येक वयासोबत त्रुटीची मर्यादा छापलेली असते आणि दुसरी प्रयोगशाळा तोच नमुना तपासू शकते. याला मी अंदाज म्हणणार नाही.

आता तो खड्डा. दगड थंड झाला म्हणजे तो पृष्ठभागाच्या जवळ आला. पण पृष्ठभाग वर गेला का? त्याबद्दल घड्याळ एक शब्द बोलत नाही. वरचा खडक नद्यांनी आणि हिमनद्यांनी झिजवून नेला, तरी खालचा दगड थंड होतोच. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार यांनी 1990 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं : खडकाचं वर येणं, जमिनीच्या सरासरी पातळीचं वर येणं आणि वरचं आवरण झिजल्याने खडक उघडा पडणं या तीन गोष्टी लोक बिनदिक्कत एकच समजतात. त्याआधीच्या कितीतरी निबंधांत थंड होण्याचा वेग काढून तोच पर्वताच्या उंचावण्याचा वेग म्हणून मांडलेला होता.

झीज आणि उंची यांचं नातं सरळ नाही, आणि त्याचं मूळ हिमालयाशीच जोडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कालियाना आणि कालियानपूर या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतल्या फरकात, जमिनीवरचं मोजमाप आणि ताऱ्यांवरून काढलेलं गणित यांच्यामध्ये सुमारे 5 विकलांची (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तफावत आली. हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलतो हे त्याचं कारण असावं, म्हणून जॉन प्रॅट यांनी हिशेब केला, तर तफावत जवळजवळ 16 विकला यायला हवी होती. पर्वत होता, पण त्याची ओढ अपेक्षेपेक्षा फार कमी. 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ गेलेलं असणार. आज भूकंपलहरींवरून तिबेटखाली भूकवच सुमारे 70 किलोमीटर जाड असल्याचं दिसतं, म्हणजे सामान्य खंडाच्या जवळजवळ दुप्पट. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा वरचा भाग तासला तर ओंडका वर उचलला जातो, तसंच इथे. सरासरी 1 किलोमीटर खडक झिजला तर खालून 800 मीटरच्या आसपास वर येतो. त्यातही झीज फक्त दऱ्यांमध्ये झाली आणि शिखरं तशीच राहिली, तर सरासरी पातळी खाली जाते पण शिखरं आणखी वर जातात.

नंगा पर्वताजवळ हे टोकाला गेलंय. तिथे अवघ्या 10 लाख वर्षांपूर्वी खोलवर गोठलेला ग्रॅनाइट आज उघड्यावर आहे आणि शेजारून सिंधू खोल दरी कोरत जाते. नदीने झिजवलं म्हणून खालचा गरम, मऊ खडक तिकडे धावला, की खडक आधीच वर येत होता आणि नदी फक्त त्याच्याशी बरोबरी करत राहिली? पहिली कल्पना फार देखणी आहे, पण ती संपूर्ण हिमालयाला लावायला मी धजणार नाही. इतर बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या थ्रस्टला मध्येच आलेला तीव्र उतार एवढंच कारण पुरतं.

झिजून गेलेला पर्वत कुठे गेला तेही बघावं लागतं. शिवालिकच्या टेकड्या म्हणजे हिमालयाचाच नद्यांनी आणून टाकलेला चुरा, आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी पसरलेला गाळाचा पंखा सुमारे 3000 किलोमीटर लांब आहे. 2015 मध्ये तिथे समुद्रतळात छिद्रं पाडून नमुने काढले गेले. गाळातल्या एका दाण्याचं थंड होण्याचं वय आणि तो थर साचल्याचं वय यांतलं अंतर कमी असेल, तर तेव्हा डोंगर भराभर झिजत होता असं समजतं.

राहिला आजचा वेग. जीपीएसवरून भारत आणि दक्षिण तिबेट नेपाळच्या भागात वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटरने जवळ येताना दिसतात. खालचा मोठा भ्रंश दक्षिणेकडे अडकून बसलेला असल्याने हे सगळं लगेच घसरत नाही. भूकवच वाकतं, ताण साचवून ठेवतं आणि उंच हिमालय वर्षाला काही मिलिमीटर वर जाताना दिसतो. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या गोरखा भूकंपात काठमांडूचा परिसर साधारण 1 मीटर वर उचलला गेला आणि उत्तरेकडची उंच रांग काही ठिकाणी अर्धा मीटरच्या आसपास खचली. भूकंपांच्या मधल्या काळात जे वर जाताना मोजलं होतं, त्यातलं बरंचसं काही सेकंदांत परत गेलं. म्हणून 'हिमालय वर्षाला इतके मिलिमीटर वाढतो' हा आकडा दिसला तर त्याला वर्षांनी गुणू नका. वर्षाला 5 मिलिमीटर धरले तर 10 लाख वर्षांत 5 किलोमीटर होतात, आणि 5 कोटी वर्षांत 250.